आधी वाचन, मग गृहपाठ

सातवीतला एक मुलगा इतिहासाचं पुस्तक उघडून माझ्यासमोर बसला आणि धडा घडाघडा म्हणू लागला. आवाज खणखणीत, कुठं अडखळणं नाही. पण बोट भलत्याच ओळीवर होतं. तोंड परिच्छेद संपवून मोकळं झालं तेव्हा बोट मध्येच कुठंतरी फिरत होतं. मी एका शब्दाखाली पेन्सिल धरली आणि विचारलं, "हा कुठला शब्द?" त्यानं परिच्छेद पहिल्यापासून पुटपुटायला सुरुवात केली. पाठ केलेलं म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत पोचायचा त्याचा प्रयत्न होता. निम्म्यात माळ तुटली आणि तो गप्प बसला. शेजारी बसलेली त्याची आई म्हणाली, "हे असंच हाय बघा, बाई. शाळंत पास हुतंय, पर वाचाय ईत न्हाई."

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या मागच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. संध्याकाळी सहाला मी सोप्यात सतरंज्या अंथरते आणि गल्लीतली, पलीकडच्या वस्तीतली आठ-दहा मुलं येऊन बसतात. कुणाचा बाप बाजारात हमाली करतो, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते, कुणाच्या घरचे भाजी विकतात. मी शिक्षिका नव्हते. नोकरीत उभा जन्म हिशेब लिहिण्यात गेला. बी.एड., डी.एड. काही नाही. तरीही हे काम कुणालाही जमण्यासारखं आहे असं माझं मत होत गेलं आहे आणि ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. घरी मुलं गोळा करून शिकवणं म्हणजे फुकटचा क्लास नव्हे. क्लास शाळेच्या पुढं धावतो. अभ्यासक्रम संपवतो, प्रश्नोत्तरं देतो, पेपर सोडवून घेतो. आपल्याला मागं जायचं असतं. मूल जिथं अडकलं असेल तिथवर मागं. शाळेतल्या बाईंना ते जमत नाही, कारण त्यांच्यापुढं चाळीस मुलं आणि महिन्यागणिक ठरलेले धडे असतात. सातवीच्या वर्गात बाराखडी काढली तर उरलेल्या मुलांचं काय करायचं? आपल्या सतरंजीवर मात्र सातवीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी एकाच शब्दावर काम करत बसू शकतात. आपल्या हातात असलेली खरी ताकद एवढीच आहे आणि ती वाया घालवायची नाही.

मूल मागं का पडतं, याची कारणं आमच्या भागात अगदी साधी आहेत. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कुणी नसतं. गावाकडची जत्रा आली की घर आठ दिवस बंद. पावसाळ्यात पंचगंगा चढली की सुतारवाड्यातली कुटुंबं दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात हलवली जातात, आणि दप्तर कुठल्या गाठोड्यात गेलं हे पाणी उतरेपर्यंत कळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या पुराची आठवण पुसायच्या आत कोरोनानं शाळा बंद पाडल्या आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुलं पुढच्या वर्गात गेली, पण ज्या वयात अक्षर डोळ्यांत बसतं ते वय निसटून गेलं. पुढच्या इयत्तांच्या पुस्तकांनी त्यांना वाचता येतंच असं धरलेलं असतं.

हे फक्त कोल्हापूरचं दुखणं नाही. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून देशभरातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन 'असर' नावाची पाहणी करते. २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. ही पाहणी ग्रामीण भागाची आहे. शहरात फार वेगळं असेल असं मला माझ्या सोप्यात बसून तरी वाटत नाही. या पाहणीची वाचनाची कसोटी इतकी सोपी आहे की मी तीच वापरते. सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. नवीन मूल आलं की चार कागद पुढं ठेवायचे. पाच मिनिटांत कळतं ते कुठं थांबलंय. इयत्ता विचारायची ती फक्त ओळख म्हणून. बसवायचं मात्र त्या थांब्यानुसार.

याच तत्त्वावर, म्हणजे इयत्तेऐवजी पातळी बघून गट पाडायचे आणि रोज थोडा वेळ फक्त वाचन-गणित घ्यायचं, यावर 'प्रथम'नं मोठं काम उभं केलं. त्याचा नीट अभ्यास ज्या अर्थतज्ज्ञांनी केला त्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या सोप्यातल्या कामाला एवढा भक्कम आधार आहे, हे नव्यानं सुरू करणाऱ्यानं लक्षात ठेवावं. कारण पहिल्याच महिन्यात त्याला एका अवघड गोष्टीला तोंड द्यावं लागतं. ती म्हणजे गृहपाठ.

आई मुलाला आपल्याकडे पाठवते ती गृहपाठासाठी. वही कोरी गेली तर शाळेत बोलणी बसतात, हे तिला माहीत असतं. तिला स्वतःला लिहिता येत नाही किंवा रात्री आठपर्यंत ती कामावरून परतत नाही. मूलही वही उघडूनच येतं. आणि गृहपाठ करून घेणं सोपं असतं! गाइड उघडायचं, उत्तर दाखवायचं, मूल सुरेख अक्षरात उतरवून घेतं. अर्ध्या तासात वही भरते, आई खूश, बाई खूश. पण उतरवलेल्या त्या उत्तरातला एकही शब्द मुलाला वाचता येत नसतो. वर ज्याचं सांगितलं त्या मुलाच्या वह्या अशाच भरलेल्या होत्या. तपासलेल्या, बरोबरच्या खुणा असलेल्या, टापटीप.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: पहिला पाऊण तास वाचन आणि गणित, त्यानंतर गृहपाठ. वेळ उरला नाही तर गृहपाठ राहिला. यावरून काही आयांनी मुलं काढून घेतली. त्यांचं मला वाईट वाटतं, पण नियम बदलावा असं वाटत नाही. ज्यांनी ठेवली त्यांच्या शाळेत जाऊन मी वर्गशिक्षकांना भेटले. हे प्रत्येकानं करावं. आपण कोण, काय करतो, मूल नेमकं कुठं अडकलंय हे सांगितलं की बहुतेक शिक्षक समजून घेतात. एका बाईंनी तर त्या मुलापुरता गृहपाठच बदलून दिला, रोज फक्त पाच ओळी वाचून यायच्या.

आता वाचन शिकवायचं कसं? सुट्या अक्षरांत फारसं कुणी अडत नाही. अडतं ते जोडाक्षराशी. 'वर्ग'चं 'वरग' होतं, 'प्रकाश'चं 'परकाश'. एकच र कधी डोक्यावर चढतो, कधी पायाशी तिरका होतो, 'ट्रक'मध्ये आणखी तिसराच दिसतो. यांच्या याद्या घोकून घेण्यात अर्थ नसतो. मी वेगळा मार्ग धरला आणि तो मला पुस्तकातून मिळाला. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या शिक्षिका माओरी मुलांना शिकवायच्या. छापील वाचनपाठातल्या गुळगुळीत शब्दांऐवजी मुलाच्या मनात घर करून असलेला शब्द त्या त्याच्याकडून काढून घ्यायच्या, मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या हातात द्यायच्या. १९६३ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं.

आमच्याकडची एक मुलगी, चौथीतली, कितीतरी दिवस भिंतीला पाठ लावून नुसती बसायची. तिला म्हटलं, तू सांग, मी लिहिते. ती म्हणाली, "काय सांगू?" म्हटलं, काहीही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आमच्या बाच्या पाठीवर पोत्याचा वळ हाय." मी तसंच लिहिलं, एक अक्षर न बदलता. तिनं वाचलं. वाचलं म्हणजे काय, बोललेलं तिला पाठच होतं. पण या वेळी बोट बरोबर शब्दाखाली होतं. मग ते शब्द कापून सुटे केले, सतरंजीवर उलटसुलट टाकले आणि तिनं परत जुळवले. 'पोत्याचा'मधलं 'त्या' हे तिचं पहिलं स्वतःचं जोडाक्षर. ते एकदा डोळ्यांत बसल्यावर 'त्याला', 'त्याचं', 'पात्या' तिनं आपली आपण काढली. दुसऱ्या दिवशी येताना चार वाक्यं मनात घेऊनच आली.

'हाय'च्या खाली मी 'आहे' लिहिलं आणि एवढंच सांगितलं, पुस्तकात हे असं असतं. वरचं खोडलं नाही. घरातली बोली चूक आहे असं मुलाला एकदा वाटलं की ते तोंडच उघडत नाही, आणि जे बोलत नाही त्याला वाचायला शिकवता येत नाही. आमच्यात कन्नड बोलणाऱ्या घरातली मुलं आहेत, कैकाडी बोलणारी आहेत. त्यांच्यासाठी मराठी हीच नवी भाषा. त्यांना गोष्ट आधी ऐकवायची, दोनदा, तीनदा, चित्रं दाखवत, आणि मग पुस्तक हातात द्यायचं. गोष्टींना तोटा नाही. 'बालभारती'चं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक मी जपून ठेवलेत आणि अजून फाटेपर्यंत वाचले जातात.

गणितात मात्र मुलांकडूनच शिकायला मिळतं. भाजीच्या पाटीवर आईशेजारी बसणारा एक पाचवीतला मुलगा आहे. त्याला वहीत घातलं, ५२ वजा २७. त्यानं उत्तर लिहिलं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहान आकडा मोठ्यातून काढायचा एवढंच त्याच्या लक्षात राहिलेलं. मग विचारलं, गिऱ्हाइकानं २७ रुपयांची भाजी घेतली आणि ५२ रुपये दिले तर? "पंचवीस परत. सुट्ट्यासाठी वरचं दोन दिल्यात त्यानं." पापणी लवायच्या आत. मी पाच दहाच्या नोटा आणि दोन नाणी त्याच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, यातून सत्तावीस मला दे. सात रुपये द्यायला नाणी दोनच. त्यानं एक नोट माझ्याकडे सरकवली, "मोड द्या की." तीच वजाबाकी वहीत त्याच्याकडून परत लिहून घेतली. पाच खोडून वर चार, दोनाचे झाले बारा. हातचा म्हणजे मोड, हे त्याला तेव्हा दिसलं. त्यानंतर त्याची वजाबाकी सहसा चुकली नाही.

हा प्रकार जगभर दिसलेला आहे. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांवर संशोधन झालं. विक्रीत अचूक हिशेब करणारी मुलं तीच गणितं कागदावर आली की चुकत होती. २०२५ मध्ये बॅनर्जी-डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल तेच मांडलं, आणि वर हेही की फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही. म्हणजे दोन्हीकडचं ज्ञान एकमेकांना भेटतच नाही. ते भेटवायला दहाच्या नोटा आणि शेजारी बसलेलं एक मोठं माणूस पुरतं.

आकड्यांच्या नावांचा त्रास वेगळा. 'एकोणचाळीस' ऐकलं की मूल 'चाळीस' पकडतं आणि ४९ लिहितं. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात म्हणून ५२. २०१९ मध्ये 'बालभारती'नं दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच', 'वीस सहा' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर ती का दिली हे शांतपणे समजावत राहिल्या. मला ती पद्धत मनापासून पटते. अडणाऱ्या मुलाला आधी 'तीस नऊ' म्हणू द्यावं, लिहू द्यावं, आणि हात बसला की 'एकोणचाळीस'वर आणावं. आमच्याकडे दोन्ही चालतं आणि त्यानं कुणाची मराठी बिघडलेली नाही.

माझ्या घरापासून दसरा चौक चालत काही मिनिटांवर आहे. चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि भोवती त्यांच्या काळातली वसतिगृहं. १९०१ पासून महाराजांनी एकेका समाजासाठी बोर्डिंग उभी केली. १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. सुतारवाडा त्या चौकाला लागूनच आहे. तिथलं एखादं मूल सातवीत जाऊन वाचू शकत नाही, हे कोल्हापूरकर म्हणून मला खुपतं. शंभर वर्षांपूर्वी एका राजानं त्याला शाळेत बसवायची सोय केली; त्याच्या शेजारी तासभर बसणं आपल्याला जड का व्हावं?

मुलाला शाळेत बसवलं, आता ते आनंदानं शिकतं का, हा पुढचा प्रश्न याच गावात लीलाताई पाटील यांनी विचारला. ना. सी. फडके यांच्या या कन्येनं नोकरीत शिक्षकांना शिकवलं आणि निवृत्तीनंतर १९८५ मध्ये 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. मारणं नाही, नंबर नाहीत, मुलानं स्वतः केलेल्या, बोललेल्या, लिहिलेल्या गोष्टीला मान. २०२० मध्ये त्या गेल्या, पण त्यांची पुस्तकं आहेत. घरी मुलं बसवू इच्छिणाऱ्यानं शिक्षणशास्त्राची पदवी नाही म्हणून कचरू नये, पण लीलाताईंचं एखादं पुस्तक जरूर वाचावं.

मूल येत नसेल तर आपण जायचं, हा धडा ताराबाई मोडकांचा. १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू करताना त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. आमच्या जिल्ह्यात अनुराधा भोसले यांच्या 'अवनि' संस्थेनं वीटभट्ट्यांवर मुलांच्या शाळा चालवल्या, त्याच वाटेनं. पोटामागं आलेलं कुटुंब ज्या जागी राहतं तिथंच वर्ग.

काही व्यवहाराच्या गोष्टी. वेळ एकच ठेवावी आणि मोडू नये. पाहुणे आले तर त्यांनाही सतरंजीवर बसवावं. दार उघडं असावं, कुठलीही आई कधीही येऊन बसू शकली पाहिजे. मुलींना दिवेलागणीनंतर एकटं सोडू नये. फी घ्यावी की नाही यावर मतं दोन आहेत. थोडे पैसे घेतले की लोकांना किंमत राहते, असं मला अनेकांनी सांगितलं. मी घेत नाही, कारण महिनाअखेरीला पैसे नसले की आई मुलाला घरी ठेवते, हे मी शेजारच्या क्लासमध्ये पाहिलं आहे. बक्षिसंही देत नाही. शेंगदाण्याची चिक्की सगळ्यांना सारखी. मोठ्या मुली लहानांना फार छान शिकवतात, त्यांना ते आवडतं, पण त्यांचा स्वतःचा अभ्यास आधी, हे आपण बघायचं.

आणि शाळेबाहेर राहिलेलं मूल सापडलं तर त्याला घरी शिकवत ठेवून समाधान मानू नये. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. हे आईला माहीत नसतं. तिच्याबरोबर शाळेत जाऊन अर्ज भरून देणं हा शिकवण्याचाच भाग समजावा.

चौदाच्या पुढच्यांचं अवघड होतं. तिथं कायदा संपतो आणि शिरोलीतली, गोकुळ शिरगावची फौंड्री सुरू होते. आमच्या गल्लीतला एक मुलगा नववीत शाळा सोडून तिथं लागला. आता त्याला दहावी हवी आहे, कारण ती नसली की पुढची वाट कुठंच निघत नाही. बाहेरून परीक्षेला बसायला १७ नंबरचा फॉर्म असतो, तो आम्ही मिळून भरला. दिवसपाळी सुटून, आंघोळ-जेवण उरकून तो नऊ वाजता येतो, तेव्हा सतरंज्या परत अंथराव्या लागतात. वाचन त्याचं बरं आहे. गणिताचा पहिला भाग होत आला, भूमिती दिवाळीनंतर धरायची ठरली आहे.